दारावरचा डोळा कोणाचा?

जी पाहते पण पाहिल्याचे मोल मागत नाही, जी राखते पण राखण्याची मुदत सांगत नाही, त्या सर्वसाक्षी आदिमायेला आधी दंडवत! सौंदत्तीच्या डोंगरावर भंडाऱ्यात न्हालेल्या आई यल्लम्मे, तुझी दृष्टी गर्भातल्या जिवावर आहे, कळपातून चुकलेल्या वासरावर आहे, आणि स्वतःच्या घराची वाट विसरलेल्या म्हातारीवर तर ती पदरासारखी पांघरलेली आहे. तुझ्याच एका लेकीची कथा सांगायला उभा आहे. तिच्या कथेत राग फार आहे. तो सौम्य करून सांगितला तर खोटे बोलल्याचे पाप लागेल. म्हणून जसा आहे तसाच तुझ्या पायांवर ओततो.

ही लेक म्हणजे महानंदा. मूळचे घराणे रायबागकडचे. वडील छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्याच्या कामावर बेंगळुरूला आले आणि चामराजपेटेतल्या एका अरुंद गल्लीत, खाली दोन खोल्या आणि वर गच्ची अशा घरात स्थिरावले. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याच्या बाहेर कन्नड, अशी त्या घराची रीत. वडील गेले, धाकटा भाऊ चंद्रकांत नोकरीसाठी पुण्याला गेला, आणि घरात उरल्या दोघी: महानंदा आणि तिची आई यल्लव्वा. महानंदा मल्लेश्वरमच्या एका मुलींच्या शाळेत ग्रंथपाल आहे. लग्न केले नाही. कोणी कारण विचारलेच तर म्हणते, "पुस्तकं उलट बोलत नाहीत, त्यांच्याशी पटतं." पुस्तकाचा कोपरा दुमडणाऱ्या मुलीला ती जे बोलते, ते त्या मुलीच्या आईपर्यंत पोचते. बसमधला वाहक सुट्टे पैसे नाहीत म्हणाला तर सगळी बस शांत होऊन ऐकते. असा तिचा स्वभाव. पण ह्याच बाईचे हात आईची वेणी घालताना पाहावेत! पिंजलेल्या कापसाला हात लावावा तशी ती त्या पांढऱ्या केसांना हात लावते.

यल्लव्वाला दोन्ही भावंडे अव्वा म्हणतात. अव्वाचे स्मरण गेली काही वर्षे एकेक दार लावून घेत चालले आहे. आधी शेजारणींची नावे गेली, मग चुलीवर ठेवलेले दूध गेले, मग नवरा वारला आहे हे गेले. राहिली ती एक ओढ: सौंदत्तीला जायचे आहे. दिवसातून कैकदा ती उठते, पदर खोचते, दाराच्या कडीला हात घालते आणि म्हणते, "पुनवेला पोचायला पायजे."

महानंदाने शाळा सोडावी तर घर चालणार नाही. दाराला बाहेरून कुलूप लावावे, असे नातेवाइकांनी सुचवले. तिने त्यांना दारातूनच परत पाठवले. "कोंडून घालायला ती गाय हाय का?" दुपारी शेजारची बाई येऊन अव्वाला जेवू घाली, तासभर बसे, आपल्या कामाला जाई. राहिलेल्या वेळेसाठी महानंदाने कॅमेरा आणला.

गृहनेत्र नावाचा तो कॅमेरा दाराच्या आतल्या बाजूला, चौकटीच्या वर बसला. अव्वा कडीजवळ आली की मल्लेश्वरमच्या ग्रंथालयात महानंदाचा फोन किणकिणे. ती कपाटाआड जाऊन हलक्या आवाजात म्हणे, "अव्वा, आत जा. पुनव अजून लांब हाय." तो आवाज कॅमेऱ्यातून घरात उमटे. अव्वा मान वर करून हात जोडे. "होय गं आई, तू म्हणतीस तर थांबते." लेकीचा आवाज तिला देवीचा वाटे. महानंदाला पहिल्यांदा हसू आले, मग भीती वाटली, आणि मग तिने ते देवीवरच सोपवले.

त्या कॅमेऱ्याला खंडेनवमीचे गंध लागू लागले यात नवल काय! बेंगळुरूत त्या दिवशी कोणते यंत्र पूजेवाचून राहते? बसच्या गळ्यात झेंडूची माळ, शिवणयंत्राला हळद, संगणकावर फूल. चौकाचौकात कुंकू भरलेले कोहळे फुटतात. महानंदा स्टुलावर चढून कॅमेऱ्याला गंध लावी, कुंकू लावी, अक्षता चिकटवी. पण समोरून नाही. "देवीच्या डोळ्यात कुंकू घालतात का?" असे म्हणून ती पाठीमागे, जिथे कंपनीची पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिथे लावी. दरवर्षी नवे गंध जुन्या गंधावर. पुसायचे नाही, ही रीत.

आणि मग एका सकाळी फोनवर निरोप आला. आपल्या उपकरणाचे आयुर्मान संपले आहे. नवे मॉडेल सवलतीत घ्या. खाली एक हसरा चेहरा. शाळेत पोचून महानंदाने ॲप उघडले तर कॅमेऱ्याच्या चित्राचा चौकोन काळा. घरी आली तर कॅमेऱ्याचा दिवा तसाच हिरवा, जिवंत, लुकलुकता. म्हणजे मेले काहीच नव्हते. कोणीतरी दूर बसून ह्या घराच्या डोळ्यावर पट्टी बांधली होती.

तिने कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी वाजली. मग एक मुलगी गोड आवाजात बोलली.

"मॅम, आपके डिव्हाइस की लाइफ खत्म हो गई है."

"कोणाची लाइफ?" महानंदा हिंदीतच बोलत होती, पण धार मराठीची होती. "दिवा लागतोय. काल संध्याकाळी दिसत होतं. रात्रीत त्याला काय झालं? हार्ट अटॅक?"

"मॅम, पुराना हार्डवेअर सपोर्टेड नहीं है. आप अपग्रेड कर लीजिए."

"माझी आई पण जुनी आहे. तिलाही अपग्रेड करू का? कुठं मिळते, सांगा."

"सॉरी मॅम, वो हमारे प्रॉडक्ट में नहीं आता."

त्या मुलीचा दोष नव्हता. तिला जे शिकवले ते ती म्हणत होती. महानंदाला हे कळत होते, आणि म्हणून तिचा संताप दुप्पट झाला. कारण ज्याने पट्टी बांधली तो कधीच फोन उचलणार नव्हता. त्याने पुढे एक मुलगी उभी केली होती, तिच्या पुढे एक बासरी. सज्जनहो, देवळाच्या दारात चप्पल चोरणाराही निदान स्वतः येतो!

दुसऱ्या दिवशी महानंदाने रजा मागितली. परीक्षा जवळ, मिळाली नाही. तिने शेजारच्या बाईला जास्त वेळ बसायला सांगितले. बाई बसली. पण तिचे स्वतःचे घर होते, त्यात शाळेतून येणारी नातवंडे होती. ती गेली आणि अव्वाने कडी काढली. कोणताच आवाज आला नाही. आई काही म्हणत नाही म्हणजे आईची आज्ञा आहे, असे त्या भाबड्या जिवाला वाटले असेल. ती निघाली.

ती सापडली बाजारात, फुलवाल्यांच्या ओळीत. एका माळिणीजवळ बसून शेवंती गुंफत होती, आणि इतकी चांगली गुंफत होती की माळिणीने तिला आधी गिऱ्हाईक समजले, मग कामाला आलेली बाई, आणि मग कुठे तिच्या लक्षात आले की म्हातारी अनवाणी आहे. अव्वाच्या गळ्यात महानंदाने एक बिल्ला घातला होता, त्यावर फोनचा नंबर होता; माळिणीने तो लावला. महानंदा धावत पोचली तेव्हा अव्वा म्हणाली, "किती उशीर गं? गाडी निघाली असती."

महानंदाने तिच्या पायाचे तळवे पाहिले. एका टाचेत काच गेली होती. ती काच तिने तिथेच, बाजारातल्या पायरीवर बसून काढली आणि रुमालात बांधून ठेवली. का ठेवली, हे तिलाही सांगता आले नसते. रागाला काहीतरी हातात धरायला लागते.

त्या रात्री चंद्रकांतचा फोन आला. त्याच्या फोनवरही तो चौकोन होता. तोही काळा झाला होता. महानंदाने काही लपवले नाही.

"अक्का, हे असं चालायचं नाही," तो म्हणाला. "इथं पुण्याजवळ एक चांगली संस्था आहे. चोवीस तास माणसं असतात. मी जागा बोलून ठेवली आहे."

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारू? तिला? मी रविवारी येतो. तोपर्यंत मला फोनवर अव्वा दिसायला लागली, तर ठीक. नाही तर मी तिला घेऊन जाणार. तू कितीही ओरड."

आता कळले ना, श्रोतेहो, पणाला काय लागले होते? जिने खिळे जुळवणाऱ्या नवऱ्याचे शाईचे सदरे ह्याच गच्चीवर धुतले, जिला घरातली वस्तू आठवत नाही पण अंधारात पाणी कुठे आहे हे तिच्या हाताला ठाऊक आहे, ती ह्या घरात राहणार की अनोळखी भिंतींत जाणार? महानंदाने फोन ठेवला. तिला रडायचे होते. पण तिच्या डोळ्यांत पाणी यायच्या आधी नेहमी आग येते, आणि त्या आगीत पाणी आटून जाते.

शनिवारी शाळा अर्धी होती. ती थेट मंजुनाथच्या दुकानात गेली. मंजुनाथ कॅमेरे बसवतो, दुरुस्त करतो. दुकान तिच्याच गल्लीच्या तोंडाशी. त्याची आई अथणीकडची, त्यामुळे त्याला मराठी येते, पण त्या मराठीत निम्मे कन्नड आणि उरलेल्यात निम्मी थट्टा असते.

"या अक्का. आज कुणावर चिडलात?"

"तुझ्यावर चिडायला अजून कारण दिलेलं नाहीस. नवा कॅमेरा दाखव."

"तोच कंपनीचा?"

"त्या कंपनीचं नाव घेतलंस तर कारण मिळेल."

मंजुनाथने काचेच्या कपाटातून दुसऱ्या एका कंपनीचा कॅमेरा काढला, दाखवण्यापुरता ठेवलेला; विकायचा माल सोमवारी यायचा होता. नाव होते राखण. महानंदाने तो हातात घेतला, फिरवला, आणि तिची बोटे थबकली. तळाशी स्क्रूच्या शेजारी एक खाच होती, जराशी वाकडी. ही खाच तिच्या ओळखीची होती. दरवर्षी स्टुलावर चढून पाठीमागे गंध लावताना तिच्या करंगळीला हीच खाच लागत असे. ग्रंथपालाच्या हाताला एक सवय असते. एकाच छपाईची दोन पुस्तके, वेगळी वेष्टने घालून, वेगळ्या किमतीला विकायला आणली तरी शिवणीवरून आणि कागदाच्या वासावरून तिला कळतात.

"मंजू, हा आमचाच आहे."

"तुमचा घरी हाय की."

"अरे, तोच आहे. कपडे बदललेत फक्त."

मंजुनाथ हसला. मग त्याने खरे ते सांगितले. "होय अक्का. एकाच कारखान्यातून येतात. नाव इथं आल्यावर छापतात. तुमची कंपनी, ही कंपनी, अजून दोन-चार. आत सगळं सेम."

"मग हा दिसतो आणि माझा का नाही?"

ह्यावर मंजुनाथने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगतो. यंत्राच्या देहात एक आज्ञावली भरलेली असते, तिला फर्मवेअर म्हणतात. देह तोच, उपदेश ज्याचा त्याचा. एका कंपनीने आपल्या आज्ञावलीत असे लिहिले की, आमच्या दूरच्या यंत्रघराला, म्हणजे सर्व्हरला, विचारल्याशिवाय काहीच दाखवू नकोस. मग एक दिवस त्या यंत्रघराने उत्तर देणे बंद केले. दुसऱ्या कंपनीने लिहिले की, घरच्यांचा फोन कुठेही असो, त्याला थेट दाखव, आम्हाला विचारायला येऊ नकोस. राखणवाल्यांनी आपली आज्ञावली त्यांच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी उघडी ठेवली आहे. ती मेमरी कार्डावर घेऊन ह्या देहात भरली, तर हा देह त्या उपदेशाने चालेल.

ऐकताना महानंदाचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे एवढी वर्षं माझ्या अव्वाचं चित्र, केस मोकळे सोडलेलं, लुगडं सुटलेलं, आधी कुठंतरी बाहेर जाऊन मग माझ्याकडं येत होतं?"

"सगळ्यांचंच जातं, अक्का."

"सगळ्यांचं जातं म्हणून ते चांगलं झालं का?" तिचा आवाज रस्त्यावर गेला. समोरच्या चहावाल्याने मान वळवली. "माझ्या दारातून माझी आई दिसायची, तर ह्यांची परवानगी? आणि ह्यांना वाटलं की संपलं, की माझी आई दिसेनाशी? विकत घेतला ना मी? माझा आहे ना तो? का भाड्यानं डोळा लावून घेतला होता?"

"अक्का, स्वल्प हळू. गिऱ्हाईक पळतील."

"पळू देत. चल घरी. तो उपदेश बदल."

घरी अव्वा पाटावर बसून वाती वळत होती. मंजुनाथने कॅमेरा खाली काढला, उलटा केला, आणि कपाळाला हात लावला. मागच्या चिठ्ठीवर वर्षावर्षांचे गंध आणि कुंकू वाळून दगड झाले होते. अक्षर एक दिसत नव्हते.

"अक्का, ह्या देहाच्या दोन जाती हायत. चिठ्ठीवर शेवटचं अक्षर बघून कळतं, कुठली. दोघींची फाइल वेगळी."

"मग खरवड."

मंजुनाथ चटकन हात मागे घेऊन बसला. "आयुधपूजेचं कुंकू हाय ते. चाकूनं मी नाही खरवडणार. माझ्या दुकानात पेचकसावरचं पण मी कधी पुसत नाही. आपोआप जाईपर्यंत ऱ्हातं." मग त्याने कॅमेरा उजेडात धरून न्याहाळला. "बहुतेक पहिली जात असणार. मी लावले ते सगळे पहिल्या जातीचेच."

"बहुतेक?"

"सरी, ठीक हाय अक्का, विश्वास ठेवा की."

महानंदाने ठेवला, कारण तिलाही त्या कुंकवाला नख लावायचे नव्हते. दोघांनीही देवीचा मान राखला आणि दोघेही चुकले. मंजुनाथने कार्ड घातले, बटण दाबून धरले, दिवा पिवळा झाला, लुकलुकला, लाल झाला, आणि विझला. पुन्हा वीज दिली. काही नाही. आधी निदान दिवा जिवंत होता. आता तोही नाही.

वाती वळायचे थांबून अव्वाने विचारले, "काय मेलं गं?"

आणि महानंदाचा बांध फुटला. ती मंजुनाथवर ओरडली, बहुतेक ह्या शब्दावर ओरडली, कंपनीवर ओरडली, भावावर ओरडली. मग देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि थेट यल्लम्मेशी भांडली.

"तुझ्यासाठी लावलं. दरवर्षी लावलं. आणि तूच झाकून बसलीस? माझ्या आईला नेतायत, आणि तुला तुझं कुंकू प्यारं? सांग की! बोलत का नाहीस?"

सज्जनहो, असे भांडण सर्वांना जमत नाही. जो रोज दिवा लावतो, त्यालाच देवाशी असे बोलायचा अधिकार असतो. परक्यावर कोणी इतके चिडत नाही.

बोलून ती दमली. मग स्वयंपाकघरात गेली, वाटीत खोबरेल तेल घेऊन आली आणि कॅमेरा मांडीवर घेतला. तिने चाकू घेतला नाही. बोटाने तेल चोळायला लागली, जसे अव्वाच्या डोक्याला चोळते तसे, हळूहळू, गोल गोल. कुंकू मऊ झाले. लाल तेल तिच्या मनगटावरून ओघळले, ते तिने आपल्या कपाळाला लावले, अव्वाच्या कपाळाला लावले, आणि उरलेले मंजुनाथच्याही कपाळाला फासले. "घे. तुझाही अपराध आहे."

"घेतला, अक्का," तो खालमानेने म्हणाला.

चिठ्ठी दिसली. शेवटचे अक्षर दुसऱ्या जातीचे होते.

"आता मेलेल्यात काय भरशील?"

"मेला नाही," मंजुनाथ म्हणाला. "ह्याच्या तळाशी एक बारीक आज्ञा असते. ती आपण पुसलेली नाही. तिला एवढंच कळतं, कार्ड दिसलं की वाच." त्याने दुसरी फाइल कार्डावर घेतली. दुकानात दोनदा जाऊन आला, कारण पहिल्यांदा कार्डच बिघडलेले निघाले. महानंदा त्याच्या हातांकडे बघत बसली. तिच्या ओठांवर देवीचे नाव होते आणि भुवया चढलेल्या होत्या.

पिवळा दिवा. लुकलुक. बराच वेळ लुकलुक. मग निळा.

फोनवर चौकोन उजळला. त्यात खोली होती, पाट होता, वातींची परडी होती, आणि कपाळावर तेलाचे लाल बोट ओढलेली अव्वा मान वर करून बघत होती. महानंदाने फोन तोंडाशी नेला. पण आधी अव्वाच बोलली, कॅमेऱ्याकडे बोट रोखून.

"इतके दिवस तोंड शिवलं होतं काय गं तुझं? मी हाका मारून दमले."

मंजुनाथ हसू दाबायला दाराबाहेर गेला.

रविवारी सकाळी चंद्रकांत आला. हातात एक मोठी रिकामी बॅग होती. ती बॅग कोणासाठी आहे हे सांगायची गरज नव्हती. चहा झाला. त्याने दारावर पाहिले.

"लागलाय की कॅमेरा. मग माझ्या फोनवर का दिसत नाही?"

"दिसणार नाही," महानंदा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे आता ह्याचं चित्र ह्या घरचं आहे. कुठल्या कंपनीकडं जात नाही. माझ्या फोनवर येतं. आणखी कुणाला दाखवायचं, ते मी ठरवणार."

"मी परका आहे?"

"तेच विचारते. अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तू फोनवर बघितलंस. मी तापानं पडले होते, तेव्हाही फोनवर बघितलंस. आणि बघून काय केलंस? मला निरोप टाकलेस. अव्वाचं लुगडं मळलंय. अव्वानं ताट तसंच ठेवलंय. आज वेणी घातली नाही का? ऑफिसात चहा पीत माझी हजेरी घेत होतास, चंद्रू! मी वाचत होते आणि गप्प बसत होते. अव्वावर नजर ठेवायला आणलेला डोळा तू माझ्यावर लावला होतास."

"अक्का, मी काळजीनं..."

"काळजी? अव्वा बाजारात अनवाणी सापडली, हे मी ज्या रात्री सांगितलं, त्या रात्री तू निघाला नाहीस. रविवार सांगितलास. तुझी आई हरवली म्हणून नव्हे, तुझ्या फोनवर दिसेना म्हणून आलास."

चंद्रकांतचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "आणि अट काय होती आपली? मला दिसली तर ठीक."

"दिसते की! समोर बसली आहे. फोन कशाला लागतो?"

तेवढ्यात अव्वा उठली. पदर खोचला. दाराकडे निघाली. महानंदाचा फोन किणकिणला. तिने तो उचलला नाही. उपडा करून ठेवला आणि भावाकडे बघत बसली. अव्वाचा हात कडीवर गेला. चंद्रकांतने बहिणीकडे पाहिले, दाराकडे पाहिले, पुन्हा बहिणीकडे. शेवटी तो उठला.

"अव्वा, कुठं निघालीस?"

"तू कोण?"

"चंद्रू."

"कुणाचा चंद्रू?"

इतक्या वर्षांत त्याने आईला रोज पाहिले होते, आणि आईने त्याला एकदाही पाहिले नव्हते. तो डोळा एकाच बाजूने उघडत होता, हे त्याला त्या क्षणी उमगले असावे. निदान त्याच्या उभे राहण्यात तरी तसे दिसले.

"तुझाच," तो म्हणाला.

अव्वाने त्याला खालून वर न्याहाळले. "माझा असशील तर चल की सौंदत्तीला. हात धर. माझी टाच दुखालीय."

त्याने खाली वाकून तिच्या पायात चपला घातल्या. टाचेवरची पट्टी पाहिली. मग हात धरला आणि दार उघडले. दोघे गल्लीत गेले. दुपार चढली तरी आले नाहीत. महानंदाने चौकोन उघडून पाहिला नाही. पाहण्यासारखे त्यात काही नव्हतेच, रिकामी खोली होती. ती तांदूळ निवडत बसली आणि तिचे ओठ आवळलेले होते.

दोघे परतले तेव्हा अव्वाच्या केसांत शेवंती होती आणि चंद्रकांतच्या सदऱ्यावर घामाचे नकाशे. "तीन देवळं झाली," तो म्हणाला. "प्रत्येक ठिकाणी ती म्हणते, हे सौंदत्ती नव्हे, पुढं चल."

"मग?"

"मग म्हणाली, भूक लागली, घरी जाऊ." आईच्या चपला काढायला तो वाकला. "अक्का, ती घरी म्हणाली. रस्ता तिनंच दाखवला. शेवटचं वळण मी चुकलो, ती नाही."

महानंदा उठली. पान वाढले. अव्वा जेवली, तिथेच कलंडून झोपली. चंद्रकांत बाहेर ओट्यावर जाऊन फोनवर बोलला. त्या संस्थेला त्याने सांगितले की जागा दुसऱ्या कोणाला द्या. आत आला, रिकामी बॅग माळ्यावर टाकली आणि म्हणाला, "दर महिन्याला येतो. चार दिवस तरी. तेव्हा तू सुट्टी घे, कुठं जायचं तिथं जा."

"बोलू नकोस. ये."

"आणि पासवर्ड?"

"आल्यावर बघू."

राग गेला नव्हता. तो इतक्या सहज जाणारा नव्हता, आणि जाऊही नये. भांडी घासताना ती त्या गोड आवाजाच्या कंपनीला अजून शिव्या देत होती, आणि चंद्रकांत पहिल्यांदाच शेजारी उभा राहून भांडी विसळत होता.

आई यल्लम्मे, महानंदेला दीर्घायुष्य दे, आणि तिच्या जिभेची धार बोथट करू नकोस. तिने कोणाकोणाला जागे करायचे आहे ते तुला ठाऊक आहे. यल्लव्वेची पावले तिच्या उंबऱ्याला सदैव ओळखीची राहोत. चंद्रकांताला दर महिन्याची वाट न चुको. त्या मंजुनाथाच्या दुकानावरही तुझा हात असो. त्या दोन खोल्यांत वीज असो, पाणी असो, भांडणालाही बळ असो. आणि त्या दाराशी उभे राहून कोण आत येते, कोण आत पाहते, हे ठरवण्याचा अधिकार त्या घराकडून कोणी कधी हिरावून न घेवो. तुझा उदो असो, आई. त्या घराचे कल्याण असो.